दोन कुलपांची पेटी

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

१५३८ साली इंग्लंडमधल्या प्रत्येक चर्चला एक फर्मान गेलं. राजा होता आठवा हेन्री आणि फर्मान काढलं होतं त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं. त्यातलं एक कलम असं, की यापुढे गावातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांची नोंद एका वहीत ठेवायची. इतिहासाचे अभ्यासक या कलमाला फार मानतात, कारण इंग्लंडमधल्या साध्यासुध्या माणसांची नावं तिथून पुढं कागदावर सापडू लागतात. मला मात्र त्याच कलमातली पुढची बारीकशी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ही वही एका भक्कम पेटीत ठेवायची. पेटीला दोन कुलपं असायची. एक किल्ली धर्मगुरूकडे आणि दुसरी चर्चच्या वॉर्डनांकडे. पेटीचा खर्च गावानं वर्गणी काढून करायचा.

आता हा वॉर्डन कोण? तो धर्मगुरू नव्हे. त्याला दीक्षा नसते, तो वेदीवर उभा राहत नाही, लॅटिन मंत्र म्हणत नाही. तो गावातलाच शेतकरी, मेंढपाळ, सुतार. कधी एखादी विधवा बाईसुद्धा. वसईकडच्या आपल्या कॅथलिक बांधवांनी यासाठी मराठीत छान शब्द रूढ केले आहेत. पॅरिशला ते ‘धर्मग्राम’ म्हणतात आणि दीक्षा न घेतलेल्या भाविकांना ‘प्रापंचिक’. तर एक किल्ली धर्मगुरूची आणि एक प्रापंचिकांची. दोघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडणार नाही.

ही कल्पना क्रॉमवेलला आकाशातून सुचलेली नव्हती. इंग्लंडच्या खेड्यांत तेराव्या शतकापासूनच चर्चची इमारतसुद्धा अशी वाटून घेतलेली असे. वेदीकडचा भाग, म्हणजे आपल्या भाषेत गाभारा म्हणू, त्याची डागडुजी पॅरिशचं उत्पन्न खाणाऱ्यानं करायची आणि लोक जिथं जमतात तो मंडप लोकांनी सांभाळायचा. गाभाऱ्याचं छप्पर गळालं तर धर्मगुरूनं बघावं, मंडपाचं गळालं तर गावानं. आता छप्पर सांभाळायचं म्हणजे पैसा आला, पैसा आला की हिशेब आला आणि हिशेब आला की माणसं निवडणं आलं. वॉर्डन हे पद असं छपरातून खाली उतरलेलं आहे.

माझ्यासारख्या मुसलमान माणसाला हा प्रकार अनोळखी वाटत नाही. आमच्याकडे ख्रिस्ती अर्थानं धर्मगुरूची दीक्षा नाही. पण मशिदीत इमाम नमाज पढवतो आणि चटयांचे, दिव्यांचे, पाण्याचे पैसे मुतवल्ली किंवा जमातीची माणसं बघतात. देवळात पुजारी असतो आणि पंच असतात, उरुसात मुजावर असतो आणि वर्गणी गोळा करणारी पोरं असतात. प्रार्थना कुणी चालवायची आणि किल्ली कुणाकडे राहायची, हे प्रश्न बहुतेक सगळ्या धर्मांच्या दारात उभे असतात. पण या प्रश्नांची चौपन्न वर्षांची, सलग एकाच माणसाच्या हातची नोंद मिळणं हे भाग्याचं. अशी नोंद इंग्लंडच्या एका आडगावात मिळते.

गावाचं नाव मोअरबाथ. डेव्हन परगण्याच्या उत्तरेला, एक्समूरच्या माळरानाच्या दक्षिण कडेला. सोळाव्या शतकात तिथं अवघी ३३ कुटुंबं होती, माणसं दीडशेच्या आसपास. जमीन ओली, थंड, धान्याला बेताचीच. सगळा जीव मेंढ्यांवर. १५२० साली या गावात क्रिस्टोफर ट्रिकी नावाचा धर्मगुरू आला. त्या वर्षी आपल्याकडे अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाचं राज्य होतं आणि बाबर पानिपतला यायला अजून सहा वर्षं होती. ट्रिकी काही मोठा पंडित नव्हता, विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. तो डेव्हनचाच, थोड्या मैलांवरच्या गावचा. आला तो तिथंच राहिला. १५७४ साली मोअरबाथचा धर्मगुरू म्हणूनच वारला. मधल्या काळात इंग्लंडच्या गादीवर हेन्री, त्याचा मुलगा एडवर्ड, मोठी मुलगी मेरी आणि धाकटी एलिझाबेथ अशी चार माणसं बसली आणि प्रत्येकानं देशाचा धर्म आपापल्या बाजूला ओढला. ट्रिकीनं हे सगळं पाहिलं आणि पाहता पाहता गावाच्या चर्चचे हिशेब लिहिले.

हिशेबवही म्हटलं की आपल्याला झोप येते. एमन डफी या केंब्रिजच्या इतिहासकारानं २००१ साली या वहीवर ‘द व्हॉइसेस ऑफ मोअरबाथ’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा जगाला कळलं की या आकड्यांमध्ये एक अख्खं गाव बोलतंय. बोलतंय हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. वॉर्डनांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. म्हणून लिहायचं काम ट्रिकीकडे. पण हिशेब त्याचा नव्हे, वॉर्डनचा. त्यामुळे तो लिहितो वॉर्डनच्या तोंडून. कुठं ‘मी’ म्हणजे वॉर्डन, कुठं ‘मी’ म्हणजे धर्मगुरू, कुठं ‘आम्ही’ म्हणजे सगळं गाव. मध्येच एखादा लॅटिन शब्द डोकावतो. आणि वर्षातून एकदा प्रत्येक हिशेब चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला जाई. कुणी किती दिलं, कुणाकडे बाकी आहे, कुणाची मेंढी मेली, हे सगळं शेजाऱ्यांच्या कानांवर पडे. कानांसाठी लिहिलेला हा हिशेब आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटलं तर नवल नाही.

या गावाचा कारभार चालायचा कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. चर्च संत जॉर्जच्या नावाचं. पण आत आणखीही संतांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीपुढे दिवा किंवा मेणबत्ती लागे. या प्रत्येक दिव्याचा वेगळा फंड असे. संत जॉर्जचा मुख्य फंड, मारिया मातेचा फंड, संत अँथनीचा, मृतांच्या आत्म्यांसाठी जळणाऱ्या दिव्याचा, असे कितीतरी. शिवाय गावातल्या अविवाहित तरुणांचा एक फंड आणि अविवाहित मुलींचा एक. दर फंडाला स्वतःचे वॉर्डन. तरुणांचे तरुणांमधून, मुलींचे मुलींमधून. म्हणजे अवघ्या ३३ उंबऱ्यांच्या गावात दरवर्षी आठ-दहा माणसं तरी कुठल्या ना कुठल्या पैशाला जबाबदार असत आणि वर्षाअखेरीला सगळ्यांसमोर उभी राहून हिशेब देत. मुख्य वॉर्डनचं पद घरागणिक पाळीनं फिरे. श्रीमंताच्या घरी पाळी आली तशी गरिबाच्याही घरी येई. घरात कर्ता पुरुष नसेल तर ती पाळी विधवेकडे जाई. तुला लिहिता येतं का, असं कुणी विचारत नसे.

पैसा यायचा कुठून? मुख्य वॉर्डन वर्षातून एकदा बिअर गाळून चर्चच्या मालकीच्या घरात मेजवानी देत. आसपासच्या गावांची माणसं येत, पीत, पैसे देत, ते फंडात जात. तरुणांचाही असाच एक मेळावा असे. मुली मात्र घरोघर फिरून पैसे जमवत. दारूच्या पैशावर देवाचा दिवा, हे आपल्याला खटकेल. मलाही खटकतं. पण त्यांच्या लेखी ते आपल्याकडच्या जत्रेसारखंच होतं.

दुसरं उत्पन्न मेंढ्यांचं. कुणी मरताना एखादी मेंढी संतांच्या नावे सोडून जाई. या मेंढ्यांचा वेगळा वाडा नव्हता, त्या गावातल्या कळपांमध्येच वाटून दिलेल्या असत. अमक्याकडे संत जॉर्जची एक मेंढी, तमक्याकडे मारिया मातेचं कोकरू. राखणारा स्वतःच्या मेंढ्यांबरोबर तिला चारे आणि लोकर चर्चला देई. वहीत प्रत्येक मेंढीचा ठावठिकाणा आहे. कोण कुणाकडे आहे, कोणती व्याली, कोणती दगावली. एका माणसानं तर मधमाश्यांचं पोळं दिलं, म्हणजे मेण आणि मधाच्या पैशावर सणासुदीला मूर्तीपुढे दिवा जळत राहील. हे सगळं वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या गावात चर्चची मालमत्ता चर्चच्या भिंतींच्या आत नव्हतीच. ती प्रत्येकाच्या गोठ्यात होती. धर्मगुरू हलला तरी ती हलणार नव्हती.

मग धर्मगुरूचं काय काम उरलं? पुष्कळ. लेखणी त्याच्या हातात होती आणि लेखणी ज्याच्या हाती त्याचं वजन असतंच. ट्रिकीला गावानं निवडलेलं नव्हतं. गावाची मालकी आणि धर्मगुरू नेमण्याचा हक्क जवळच्या बार्लिंच मठाकडे होता. शिवाय त्याला स्वतःच्या आवडीनिवडी होत्या. एक्झिटर शहरात संत सिडवेल नावाच्या कुमारिकेची भक्ती चाले. शेतात कोयत्यानं तिचा खून झाला अशी तिची कथा. या संत सिडवेलची मूर्ती ट्रिकीनं मोअरबाथला आणून बसवली आणि गावाला हळूहळू तिची गोडी लावली. लोक तिच्यासाठी चांदीच्या वस्तू देऊ लागले. त्या चांदीतून तिच्या मूर्तीला एक पादत्राण घडवलं गेलं. धर्मगुरूनं कल्पना मांडायची आणि गावानं ती आपली करून घ्यायची, असा हा व्यवहार. बळजबरी दिसत नाही, पण पाठपुरावा भरपूर दिसतो. देणाऱ्यांची नावं तो कौतुकानं, लांबलचक लिहितो. न देणाऱ्याला ते वाचन ऐकताना काय वाटत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

१५३४ च्या नोव्हेंबरात चोरी झाली. पोर्तुगीजांना गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाली तेही हेच साल. चोर शिडी लावून चर्चमध्ये उतरला आणि मिस्साचा चांदीचा चषक आणि संत सिडवेलचं ते पादत्राण घेऊन गेला. चषकाशिवाय मिस्सा कसा व्हायचा? पुन्हा वर्गणी काढायची म्हटलं तर गाव आधीच पिळून निघालेलं. तेव्हा गावातली तरुण मुलं आणि मुली एकत्र आली, आपसात पैसे जमवले आणि नवा चषक आणला. गावावर त्याचा बोजा पडू दिला नाही. ट्रिकीनं ही नोंद ज्या समाधानानं केली आहे ते लपत नाही. आता चषक ही वेदीवरची वस्तू, म्हणजे धर्मगुरूच्या हातात शोभणारी. ती आणली मात्र ज्यांची अजून लग्नंही झालेली नाहीत अशा पोरापोरींनी. त्यांचा स्वतःचा फंड होता, स्वतःचे वॉर्डन होते, हिशेब द्यायची सवय होती, म्हणून ते जमलं. ऐन वेळी उत्साह दाखवणारी तरुण मंडळी कुठल्याही गावात मिळतात. आधीपासून हिशेब ठेवणारी मिळणं दुर्मीळ.

सगळं गोडीगुलाबीनं चालत होतं असंही नाही. चर्चमध्ये धर्मगुरूच्या हाताखाली एक कारकून असे. तो मिस्साला साथ करी, घंटा वाजवी. त्याला घरागणिक धान्य आणि पैसे द्यायचे असत. १५३० नंतरच्या काही वर्षांत यावरून भांडण पेटलं. काही घरांनी ठरलेला वाटा द्यायला नकार दिला. मामला काही वर्षं चिघळला, बैठका झाल्या, बाहेरचे वजनदार लोक मध्ये घालावे लागले. शेवटी १५३६ मध्ये तडजोड झाली आणि कुणी काय द्यायचं ते लिहून काढलं गेलं. या सगळ्या काळात ट्रिकीची तगमग वहीत दिसते. एकमतावर त्याचा जीव. पण तो एकट्यानं निकाल देऊ शकत नव्हता, हे महत्त्वाचं. गावात चार-पाच जाणत्यांचं एक मंडळ होतं. जादा पट्टी बसवायची, देणी-घेणी मिटवायची, सरकारी मागण्या भागवायच्या, हे काम त्यांच्याकडे असे. पूल दुरुस्त करायचा असो की राजाच्या सैन्यासाठी शिपाई सजवून पाठवायचा असो, सरकारही चर्चच्याच दारात येई. धर्माचा आणि गावकीचा हिशेब एकाच वहीत.

आता परत त्या १५३८ च्या फर्मानाकडे येऊ. ज्या फर्मानानं दोन किल्ल्यांची पेटी दिली, त्यानंच मूर्तींपुढचे दिवे विझवायला सांगितले. मूर्तीपुढे मेणबत्ती लावणं ही अंधश्रद्धा, असं नव्या विचाराचं म्हणणं होतं. त्याऐवजी प्रत्येक चर्चनं इंग्रजीतलं मोठं बायबल विकत घ्यावं. बायबल लोकांच्या भाषेत यावं, हे मला मनापासून पटतं. मी मुसलमान घरातला, मराठीत लिहिणारा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी परमार्थ मराठीत सांगितला, त्या वाटेवरचा मी एक मागाहून चालणारा. तेव्हा प्रार्थना आपल्या बोलीत असावी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण असायचं कारण नाही. पण मोअरबाथमध्ये दिवा विझला की त्या दिव्याचा फंड संपे आणि फंड संपला की त्याचे वॉर्डन संपत. फर्मान काढणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांना मेणबत्ती दिसत होती. मेणबत्तीमागे उभी असलेली, वर्षाअखेरीला हिशेब देणारी मुलगी लंडनमधून दिसणं कठीण होतं.

१५४७ साली हेन्री वारला आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या नावानं राज्य चालवणारे लोक कडवे सुधारक. त्याच वर्षी ट्रिकीचं एक जुनं स्वप्न पुरं झालं होतं. मृतांसाठीच्या मिस्साला घालायची काळी वस्त्रं चर्चकडे नव्हती. चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवर धर्मगुरूचा म्हणून जो दशांश हक्क असतो, तो त्यानं वर्षानुवर्षं सोडून दिला होता आणि त्या पैशातून या वस्त्रांसाठी साठवण चालली होती. वीस वर्षांवर वर्षं गेली. १५४७ मध्ये ६ पौंड ५ शिलिंग मोजून ती वस्त्रं आली. त्या काळी ही फार मोठी रक्कम. आणि थोड्याच दिवसांत मृतांसाठीच्या त्या मिस्सावरच बंदी आली. माणसानं आयुष्यभर बचत करून एक वस्तू घ्यावी आणि ती हातात पडते न पडते तोच तिचा वापर गुन्हा ठरावा, हे दुःख समजायला कॅथलिक असावं लागत नाही.

पुढच्या वर्षभरात सगळं भराभर कोसळलं. मूर्ती काढा. मिरवणुका बंद. चर्चच्या मेंढ्या विकून टाकल्या गेल्या. बिअरचे मेळावे बंद. तरुणांचा फंड गेला. मुलींचा आधीच आटला होता. १५४८ सालची मुख्य वॉर्डन होती लूसी सीली नावाची बाई. घराच्या पाळीनं हे पद तिच्याकडे आलं आणि आलं ते अशा वर्षी, की जमा होण्यासारखं काही उरलेलं नाही आणि करायचं काय, तर शेजाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी दिलेल्या वस्तू काढायच्या, विकायच्या आणि त्याचा हिशेब द्यायचा. नेतृत्वात भागीदारी म्हटलं की आपण मानपानाचा विचार करतो. लूसी सीलीच्या वाट्याला आली ती भागीदारी अशी होती. तिनं ती निभावली.

१५४९ च्या ९ जूनला, पेंटेकॉस्टच्या सणाला, देशभर लॅटिन मिस्साऐवजी नवं इंग्रजी प्रार्थनापुस्तक लागू झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टनी या गावानं आपल्या धर्मगुरूला जुनाच मिस्सा करायला लावलं आणि बंडाला तोंड फुटलं. इथं प्रापंचिक पुढं आणि धर्मगुरू मागं, असं चित्र होतं. शेजारच्या कॉर्नवॉलचे लोकही उठले. त्यांच्यातल्या कित्येकांना इंग्रजी येतच नव्हती, त्यांची बोली निराळी, त्यामुळे ‘लोकांच्या भाषेतली प्रार्थना’ त्यांना परकीच होती. त्याच सुमाराला सरकारनं मेंढ्यांवर नवा करही बसवला होता. मेंढीवर जगणाऱ्या मुलखाला हा दुहेरी मार. बंडखोरांनी एक्झिटर शहराला महिनाभर वेढा घातला. ऑगस्टमध्ये राजाच्या फौजेनं, भाडोत्री परदेशी शिपाई मदतीला घेऊन, बंड रक्तात बुडवलं. एक्झिटरबाहेरच्या एका चर्चच्या धर्मगुरूला त्याच्या मिस्साच्या वस्त्रांसकट त्याच्याच मनोऱ्यावर फाशी दिलं.

मोअरबाथनं काय केलं? ट्रिकीची वही १९०४ साली छापली गेली होती, पण त्या छापील प्रतीत एक महत्त्वाची नोंद नीट वाचली गेली नव्हती. डफीनं मूळ हस्तलिखित पाहिलं तेव्हा उलगडा झाला. एक्झिटरबाहेर सेंट डेव्हिड्स डाउन इथं बंडखोरांची छावणी होती. त्या छावणीत जाण्यासाठी मोअरबाथनं पाच तरुणांना पैसे आणि हत्यारं दिली होती, गावाच्या फंडातून, जाणत्यांच्या संमतीनं, आणि त्याची नोंद धर्मगुरूच्या अक्षरात आहे. पूल आणि शिपाई यांचा खर्च ज्या रीतीनं लिहायचा, त्याच रीतीनं बंडाचा खर्च लिहिलेला. हे राजद्रोहाचं लेखी कबुलीपत्र होतं. सापडलं असतं तर कुणाकुणाच्या माना गेल्या असत्या, सांगता येत नाही. तरी लिहिलं, कारण पैसा गावाचा होता आणि गावाच्या पैशाचा हिशेब लागलाच पाहिजे. त्या पाचांपैकी काहींची नावं पुढच्या वर्षांच्या नोंदींत सापडत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी चषक आणणाऱ्या पोरांच्या मागची ही पिढी.

हे वाचल्यावर ट्रिकी मला सर्वांत जवळचा वाटला आणि थोडा दूरचाही. दूरचा अशासाठी, की त्या पाचांना पाठवणाऱ्यांत तोही होता. तो गेला नाही. लेखणीवाले बहुधा जात नाहीत.

बंडानंतर गाव आणखी खंगलं. पण १५५३ मध्ये मेरी राणी आली, जुना धर्म परत आला आणि मग एक गोष्ट उघड झाली. चर्चमधून ‘गेलेल्या’ कित्येक वस्तू गेल्याच नव्हत्या. कुणाच्या घरातून मूर्ती निघाली, कुणाकडून रंगवलेलं कापड, कुणाकडून जुनी पुस्तकं. शेजाऱ्याशेजाऱ्यांनी आपापसात वाटून त्या लपवल्या होत्या, जशा पूर्वी मेंढ्या वाटून ठेवत. ट्रिकीनं ही माणसं आणि वस्तू कौतुकानं नोंदवल्या आहेत. मोडकं तोडकं चर्च लोक पुन्हा उभारू लागले.

ते पाचच वर्षं. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली आणि वेदी पुन्हा उतरवली गेली, या खेपेला कायमची. ट्रिकी राहिला. नवं प्रार्थनापुस्तक वाचू लागला. याला कुणी संधिसाधू म्हणेल. मी म्हणणार नाही. शहरातला पंडित धर्मासाठी परदेशी पळून जाऊ शकतो. ३३ घरांच्या माणसानं कुठं जावं? ज्यांना त्यानं बाप्तिस्मा दिला, ज्यांची लग्नं लावली, ज्यांच्या मेंढ्या मोजल्या, त्यांना सोडून? मात्र एक गोष्ट खरी, की परतून आलेल्या शांततेत पूर्वीचं गाव परतलं नाही. वॉर्डन राहिले, पण दिव्यांचे नाहीत, तरुणांचे नाहीत, मुलींचे नाहीत. पूर्वी दरवर्षी आठ-दहा जण हिशेब द्यायला उभे राहत, आता एक-दोन. कामही पालटलं. पुढे १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानं वॉर्डनांना सरकारी कारभारात आणखी ओढलं. पट्टी वसूल करायची, गरिबांना वाटायची. काम चांगलं होतं, नाही कोण म्हणतो? पण ते वरून नेमून दिलेलं होतं.

इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रापंचिकांना निवडून दिलेल्या समितीच्या रूपानं कायद्यानं जागा मिळायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. १९२१ साली प्रत्येक पॅरिशला तशी समिती आली. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९८३ च्या आपल्या कायद्यात, प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती असलीच पाहिजे असं घातलं, आणि वसई-मुंबईच्या चर्चमध्येही आज तेच लागू आहे. मात्र कायद्याच्या भाषेत ती समिती सल्ला देणारी. मोअरबाथच्या मुलींचे वॉर्डन सल्ला देत नव्हते, पैसे सांभाळत होते.

ट्रिकीच्या शेवटच्या काही वर्षांच्या नोंदी आखूड आहेत. जमा थोडी, खर्च थोडा, मेंढ्यांची नावंगावं नाहीत. तरीही दरवर्षी वॉर्डनचा हिशेब त्यानं लिहिला आणि वाचून दाखवला. १५७३ पर्यंत अक्षर त्याचंच आहे.